सही होऊ दे, मग ये

वॉटफर्ड, ११ एप्रिल १९९४

उदय,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. आज ते हातून होत नाही. तू सुखरूप पोचलास एवढं तुझ्या बहिणीकडून, रश्मीकडून, कळलं.

तू गेल्याला दोन महिने झाले. मी 'चालता हो' म्हणालो आणि तू खरंच चालता झालास. असं मी पूर्वी शंभरदा म्हटलं असेन. कॉर्नवॉलला खाणकाम शिकायला निघालास तेव्हाही म्हटलं होतं. तेव्हा तुझी आई मध्ये पडायची, तू वर खोलीत जाऊन बसायचास आणि जेवायच्या वेळी निमूट खाली यायचास. या वेळी मध्ये पडायला कोणी नव्हतं. टॅक्सी आली ती मी खिडकीतून पाहिली.

राग का आला ते लिहितो, म्हणजे बाबांनी कारण न सांगता घराबाहेर काढलं असं व्हायला नको. मधुमती दोन फेब्रुवारीला गेली. तू चारला आलास. पाच दिवस होतास. त्या पाच दिवसांत तुझ्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. नाव राहू दे, 'आई' हा शब्दसुद्धा निघाला नाही. क्रिमेटोरियममध्ये रश्मी बोलली, मी बोललो, तिच्या लायब्ररीतली मैत्रीण बोलली. तू मान खाली घालून उभा. मी हॉलमध्ये तिचा फोटो लावला, हार घातला, तर तू हॉलमध्ये पाऊल टाकेनास.

दुसरं कारण त्या सहीचं. तिकडच्या कुठल्याशा भागीदारीच्या कागदावर एकतीस जानेवारीला तुला सही करायची होती. ती करून तू निघालास. आई गेली तेव्हा तू पर्थच्या विमानतळावर बसला होतास. मी फोनवर 'सही होऊ दे, मग ये' म्हणालो होतो, हे खरं आहे. पण बाप म्हणतो म्हणून ऐकायचंच का? आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस, नेमकं तेवढं ऐकलंस.

बाकी ठीक. मी एप्रिलअखेर रिटायर होतोय. लोकांना भूल देण्याचं काम आता दुसरे करतील.

बाबा

वॉटफर्ड, ३ ऑक्टोबर १९९४

उदय,

उत्तर आलं नाही, येईल असं मला वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन गेल्यावर मी एकदा दारापाशी जातोच. निवृत्त माणसाला तेवढंच काम.

रश्मी मेडनहेडला राहते, तुमच्या कंपनीचं हेड ऑफिस तिच्या घरापासून चार रस्त्यांवर. तिने तुमच्या कंपनीचं मासिक आणून दिलं. त्यात त्या सहीचा फोटो आहे. लाल माती, एक पत्र्याची शेड, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. तुमच्याकडचे चार टाय लावलेले लोक आणि मध्ये खुर्चीवर टोपी घातलेले एक म्हातारेबुवा. खाली नाव छापलंय, पण ते मला उच्चारता येत नाही, म्हणून म्हातारेबुवा. तू त्यांच्या मागे उभा आहेस. वाळलायस.

मासिक मी दोनदा वाचलं. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्या मूळच्या ॲबोरिजिनल लोकांची. खाण तिसऱ्याच बड्या कंपनीची. लोखंडाच्या दगडावरची माती काढायचं काम तुमचं. आणि तुम्ही ते एकट्याने न करता म्हातारेबुवांच्या माणसांनी काढलेल्या कंपनीबरोबर निम्मेनिम्मे करणार. ट्रक त्यांची मुलं-मुली चालवणार, खणायचं कुठे नाही हे म्हातारेबुवा सांगणार. नव्या कंपनीला नाव त्यांचंच दिलंय. माझं स्पष्ट मत असं की गोरे लोक कोणाला निम्मं देतात म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. तीस वर्षं त्यांच्या हॉस्पिटलांत काढली आहेत मी. पण फोटोत तू म्हातारेबुवांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलायस. माझ्या खुर्चीवर तू असा हात कधी ठेवलास ते आठवून पाहिलं, आठवलं नाही.

घड्याळात सात तास मिळवून तुझ्याकडे किती वाजले हे काढायची सवय लागली आहे. आत्ता तुझे संध्याकाळचे सहा. जेवलास का?

बाबा

वॉटफर्ड, २ फेब्रुवारी १९९५

चि. उदय,

आज वर्ष झालं.

भटजी वगैरे मी बोलावले नाहीत, तुला माझे विचार माहीत आहेत. रश्मी आली होती. आम्ही दोघांनी अळूवड्या केल्या, त्या तेलात सुटल्या. मधुमतीने पाहिलं असतं तर आम्हाला दोघांनाही किचनमधून हाकललं असतं. मी जेवताना तिचं नाव मुद्दाम चार-पाच वेळा घेतलं. घरात कोणीतरी घ्यायला हवं.

तेव्हा रश्मीने मला सांगितलं. म्हणाली, "बाबा, त्याला ब्लेम करू नका. त्याचे लोकांमध्ये तसा कस्टम आहे."

त्याचे लोक. म्हणजे तुझे. तिला म्हणायचं होतं की तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांत माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत, फोटो झाकून ठेवतात. नाव घेतलं तर गेलेला जीव वळूनवळून मागे बघतो, त्याची वाट लांबते. तू इकडे यायला निघालास तेव्हा म्हातारेबुवांनी तुला हे सांगितलं होतं आणि तू ते पाळत होतास.

मी प्रामाणिकपणे लिहितो, हे ऐकून मला आधी संतापच आला. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही. आणि माझा मुलगा परक्या म्हाताऱ्याचं ऐकून स्वतःच्या आईचं नाव गिळतो. मग रश्मी गेल्यावर भांडी घासताना वाटलं, नाव न घेणं मला काही नवीन नाही.

चौतीस वर्षांत मधुमतीने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. लग्नात उखाण्यात काय घेतलं असेल तेवढं. मी तिला म्हणायचो, आपण इंग्लंडात आहोत, शशिधर म्हण, शशी म्हण, कोणाचं काही बिघडत नाही. ती हसायची. कौन्सिलच्या ऑफिसात बाईने नवऱ्याचं नाव विचारलं तर हिने पर्समधून माझं लायसन्स काढून पुढे केलं. ती गोष्ट मी पार्ट्यांमधून रंगवून सांगायचो आणि सगळे हसायचे. मला ते गोड वाटतं असं मी लोकांना सांगायचो.

तुझी आठवण येते. हे लिहायला मला एक वर्ष लागलं.

बाबा

वॉटफर्ड, ९ जून १९९६

चि. उदय,

म्हातारेबुवा गेल्याचं कळलं. वाईट वाटलं. माझ्याहून चारच वर्षांनी मोठे होते असं रश्मी म्हणते. त्यांचं नाव मी कधी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे आता न लिहायला मला काही कष्ट नाहीत. मासिक मी कपाटात पालथं ठेवलंय.

तू कुठल्या पेचात आहेस तेही कळलं. गेलेल्या माणसाचं नाव तुमच्या भागीदारीच्या कंपनीला आहे. ते नाव प्रत्येक ट्रकच्या दारावर आहे, हेल्मेटवर आहे, रोज सकाळी वायरलेसवर घेतलं जातं. त्यांची माणसं म्हणतात, नाव पुसा, नाहीतर आम्ही कामावर येऊ शकत नाही. बारा ट्रक उभे आहेत. मेडनहेडचे साहेब म्हणतात, रजिस्टर झालेलं नाव आहे, माणूस मेला म्हणून कंपनी नाव बदलत नसते. आणि तू राजीनाम्याचा कागद खिशात घालून फिरतोयस.

मी मेडनहेडला जायचं ठरवलंय. रश्मीला फोनवर सांगितलं, तर ती घाबरली. "बाबा, प्लीज, तुम्ही जाऊ नका. इट्स हिज वर्क. कोणी फादर असा बॉसला भेटायला जातो का? तो कधी माफ करणार नाही तुम्हाला."

मी म्हटलं, अजून कुठे केलंय?

तुझ्या शाळेतही मी असाच जायचो आणि तू कॉरिडॉरच्या टोकाला लपायचास, मला दिसायचास. गुरुवारी जातोय. तुला हे पत्र मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, म्हणूनच आधी कळवतोय.

बाबा

वॉटफर्ड, १४ जून १९९६

चि. उदय,

काल जाऊन आलो. यूस्टनला उतरून पॅडिंग्टन, तिथून मेडनहेड. ग्रे सूट घातला. हॉस्पिटलच्या निरोप समारंभानंतर तो पहिल्यांदाच अंगावर चढला आणि ढगळ झालाय.

रिसेप्शनवरच्या मुलीला मी सांगितलं, "डॉक्टर टिपणीस. मृत माणसांच्या नावासंबंधी." तिने फोन उचलून तेवढंच वर कळवलं आणि दहा मिनिटांत मी डायरेक्टरच्या खोलीत. तिथे माझ्या लक्षात आलं की त्यांनी कोणा युनिव्हर्सिटीतल्या तज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलंय आणि तो तज्ज्ञ म्हणजे मी असं त्यांना वाटतंय. साहेबांनी विचारलं, आपण कुठले? मी म्हटलं, वॉटफर्डचा. ते खोटं नव्हतं. आडनाव त्यांनी नीट ऐकलं नसावं, आपलं आडनाव इथे कोणीच नीट ऐकत नाही.

मग मी बोललो. म्हटलं, आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. जिवंत नवऱ्याचं. माझी बायको तीस वर्षं या देशात राहिली, लायब्ररीत काम केलं, गाडी चालवली, पण ते नाव तिच्या जिभेवर आलं नाही. कायद्याने ते तिच्या तोंडून वदवता आलं नसतं, तसं यांच्याकडूनही येणार नाही. नाव बदलायला तुम्हाला काही डबे रंग लागेल. माणसं मात्र पुन्हा मिळणार नाहीत, कारण ते नोकर नाहीत, भागीदार आहेत, आणि भागीदाराच्या घरी सुतक असलं की आपल्याही घरी असतं. 'सुतक'ला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा मराठीच वापरला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

साहेब वाईट माणूस नाही. नुसता वैतागलेला आहे. त्यांनी मला आपलं दुःख सांगितलं. या लोकांबरोबर कुठलीही तारीख पक्की होत नाही, कोणी आजारी पडलं की मीटिंग पुढे, कोणी गेलं की मीटिंग पुढे. सगळे ट्रक, सगळं ऑफिस थांबतं. पहिल्या सहीच्या वेळीसुद्धा तीनदा तारीख बदलली होती म्हणे. साहेब आणखीही काही बोलले. ते ऐकून मला पाणी मागावं लागलं. ते आज लिहीत नाही.

निघताना मी खरं सांगून टाकलं, की मी तज्ज्ञ नाही, उदय टिपणीसचा बाप आहे. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, त्याने कधी सांगितलं नाही की त्याचे वडील आहेत.

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. तू माझ्या शेजारी असायला हवा होतास असं फार वाटलं. काही बोलायला नाही. नुसता शेजारी.

बाबा

वॉटफर्ड, २५ ऑगस्ट १९९६

प्रिय उदय,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि मी ते जिन्याच्या पायरीवर बसूनच फोडलं. मराठीत लिहिलंस. मी सगळं पत्र पाठ केलंय, म्हणून हा भाग तुझ्याच शब्दांत उतरवतो.

"बाबा, तुमचा सगळे पत्र मिळाले. मी हळू वाचतो म्हणून उत्तर नाही दिला. कंपनीने नाव बदलला. आता ट्रकवर त्या डोंगराचा नाव आहे. तुम्ही मेडनहेडला गेला, मला आधी खूप राग आला, नंतर नाही. एक गोष्ट सांगायचा होता. सही झाल्यावर मी म्हाताऱ्याला सांगितला की मी आता घरी जातो. तो माझ्यावर ओरडला. म्हणाला, तुझी आई आजारी आहे तर तू कागदावर सही का करत बसला? आम्ही थांबलो असतो. एक वर्ष पण थांबलो असतो. मी विचारलाच नाही त्यांना. माझी चूक आहे. तुम्ही मला घराबाहेर काढला ते बरोबर होता."

'आई' हा शब्द तू लिहिलास. कोणाच्या तोंडचा म्हणून का होईना. मी त्या शब्दावर बोट ठेवून बसलो होतो.

साहेबांनी मला तेच सांगितलं होतं, जे मी तुला लिहिलं नाही. म्हणाले, कुणाची आई आजारी आहे म्हटल्यावर त्या लोकांनी स्वतःच सही पुढे ढकलली असती, ते दर वेळी ढकलतात. तोवर मी अडीच वर्षं स्वतःची समजूत घालत होतो की तू महत्त्वाच्या कामात होतास, तुला तिथून निघता आलंच नसतं, मग मी लवकर सांगितलं काय किंवा उशिरा, फरक काय पडणार होता. ती समजूत त्या खोलीत संपली.

आता नीट वाच. हळू वाचलंस तरी चालेल, पण रश्मीला वाचायला सांगू नकोस.

चूक तुझी नाही.

तेवीस जानेवारीला, रविवारी, तुझा फोन आला होता. त्याच्या दोन तास आधी, तिला अखेरच्या दिवसांत ठेवलं होतं त्या हॉस्पिसच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार तर दहा दिवस. मला ते सांगायचीही गरज नव्हती, मी आयुष्यभर माणसांचे श्वास मोजले आहेत. तू विचारलंस, बाबा, येऊ का. मी म्हणालो, ती स्टेबल आहे, तुझी सही होऊ दे, मग ये. पुढच्या आठवड्यात तू आणखी तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी तेच म्हणालो. रश्मीला मी सांगितलं की उदयला सगळं कळवलंय, तो कामात अडकलाय. तुम्ही बहीणभाऊ या विषयावर एकमेकांशी बोलला नाहीत. त्यावरच मी इतके दिवस काढले.

का, ते लिहायला लाज वाटते.

ती त्या रविवारी सकाळपासून तुझं नाव घेत होती. उदय, उदय. मॉर्फिनच्या गुंगीत, जागेपणी, पाणी पिताना. एक नवीन नर्स होती, तिने मला हसून विचारलं, "आर यू उदय?" तिला वाटलं, बाई इतकं ज्याचं नाव घेते तो नवराच असणार. मी म्हटलं, नो.

नर्स गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकलो. म्हटलं, मधु, एकदा माझं नाव घे. कोणी नाहीये इथे. शशी म्हण.

तिने डोळे उघडले. मला नीट ओळखलं. म्हणाली, "अहो, उदय आला का?"

मी घरी आलो आणि दहा मिनिटांत तुझा फोन वाजला.

बस, एवढंच आहे. चौतीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं नाही आणि तुला न मागता मिळत होतं, म्हणून मी तुला दूर ठेवलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या मुलावर जळला. मनात म्हटलं, चार दिवस जाऊ देत, तू नाहीस म्हटल्यावर कदाचित माझ्याकडे वळेल. ती वळली नाही. तिला मी दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं, उदय निघालाय, येतोच आहे. मग तिने हाका मारणं थांबवलं आणि दाराकडे बघत राहिली. पूर्ण नऊ दिवस. तू निघाला नव्हतास, कारण मी तुला सांगितलंच नव्हतं.

आणि तू आलास, पाच दिवस गप्प राहिलास, तेव्हा मला वाटलं, हिने तुझ्याशिवाय दुसरं नाव घेतलं नाही आणि तू तिचं एकदाही घेत नाहीस. त्या रागाचं मी निमित्त केलं. खरं म्हणजे तू घरात असताना तुझ्याकडे बघणं मला झेपत नव्हतं.

हे वाचून तू माझं नाव टाकलंस तरी मी तक्रार करणार नाही. मात्र स्वतःला दोष देणं आजपासून बंद कर. शेवटच्या दिवसांत ती तुझ्यावर रागावली नव्हती. तू वाटेवर आहेस असं समजून ती गेली.

फोन करू नकोस. फोनवर मला खोटं बोलता येतं. समोर ये, शिव्या द्यायच्या असतील तर दे, नुसता बसून राहायचं असेल तर बस. तुला सुट्टी मिळत नसेल तर तसं लिही, मी येतो. ट्रकवर ज्याचं नाव आहे तो डोंगर लांबून दाखव आणि परत पाठव. मला तू हवा आहेस, उदय. ती असतानाही हवा होतास. तेव्हा ते मला सांगता आलं नाही आणि तिला ते रोज सांगता येत होतं, एवढाच आमच्यात फरक होता.

तुझा,
शशिधर